एकेचाळीस शेळ्या आणि दोनशे ग्रॅम

"आजपासून या घरात 'अंदाजे' हा शब्द बंद!" देराल्दोनं टोपी टेबलावर आपटून जाहीर केलं. "अंदाजे मूठभर, अंदाजे टोपलीभर, अंदाजे पुरेल... सगळं बंद! इथून पुढं ग्रॅममध्ये बोलायचं!"

एदनाल्वा मक्याचा कुस्कूस वाफवत होती. तिनं मागंही पाहिलं नाही. "मग आधी हजार-दोन हजार ग्रॅम पाणी घे आणि पाय धुऊन ये. सगळी लाल माती घरात आणलीस."

देराल्दोचा रुबाब तसा समजण्यासारखा होता. तीन दिवस शहरात राहून, शेळीपालनाचं शिबिर करून तो परतला होता. गावात मात्र त्यानं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता, आणि त्याचं कारण होतं त्याचा मेव्हणा अनीझियो. अनीझियोला कळलं असतं तर "दाजी शेळ्यांना शाळेत घालणार!" असा डंका त्यानं साऱ्या लाजेदो वेल्यो गावभर पिटला असता. म्हणून "शहरात जरा काम आहे" एवढंच पुटपुटून देराल्दो पहाटेच्या गाडीत बसला, आणि परतला तो एक मापपट्टी, एक छापील कोष्टक आणि ताठ मान घेऊन!

शेळ्या खऱ्या एदनाल्वाच्या. तिच्या आईनं मागं ठेवलेल्या. दोन वर्षांमागच्या दुष्काळात देराल्दोनं अशीच अंदाजानं वैरण घातली. सुरुवातीला हात सैल सोडला आणि पावसाला तीन आठवडे असताना गंजी तळाला गेली. अकरा शेळ्या डोळ्यांदेखत आडव्या झाल्या. एदनाल्वा तेव्हा एक शब्द बोलली नाही, आणि तेच देराल्दोला जास्त लागलं. यंदा मात्र कोरडा ऑक्टोबर लागताच तिनं स्वच्छ सांगितलं, "या खेपेला एक जरी शेळी आडवी झाली ना, तर कळप अनीझियोला चौथाईनं राखायला देईन!"

चौथाईनं, म्हणजे चार करडांतलं एक राखणाऱ्याचं. रीत आमच्याकडं जुनीच आहे, त्यात काही वावगं नाही. पण नवरा धडधाकट असताना त्याच्या हातचा कळप भावाला राखायला द्यायचा म्हणजे नवऱ्याचं नाक कापून खुंटीला टांगण्यासारखंच की! देराल्दोला झोपेतसुद्धा अनीझियो चौथं करडू बगलेत मारून हसताना दिसायचा.

तर मंडळी, दुसऱ्याच दिवशी हिशेब सुरू झाला. मापपट्टी शेळीच्या छातीभोवती गुंडाळायची की तिच्यावर थेट वजनच छापलेलं. काम सोपं. फक्त शेळीला ते मान्य असायला हवं! एकेचाळीस शेळ्या मोजायला दोन दिवस लागले, एक सदरा फाटला, आणि थोरल्या बोकडानं देराल्दोला पाण्याच्या डोणीत बसवलं. पण आकडे आले. सोळा शेळ्या भाकड, त्यात दोन बोकडही धरलेले: दिवसाला किलोभर कोरडी वैरण. एकोणीस गाभण आणि सहा दुभत्या: त्यांना दीड दीड किलो. एकूण साडेत्रेपन्न किलो. निवडुंग म्हणजे बहुतेक पाणीच, तेव्हा दहा किलो निवडुंग कापावा तेव्हा त्याचा कोरडा एक किलो धरायचा. गंजी आणि निवडुंगाचा मळा मिळून वैरण पन्नास दिवसांची होती.

"पन्नास दिवसांत पाऊस येणार म्हणजे येणारच," देराल्दो म्हणाला.

"हे कोष्टकात लिहिलंय?" एदनाल्वानं विचारलं.

"नाही. ती जागा त्यांनी कोरी ठेवलीय."

आता गाभण कोण, दुभती कोण, भाकड कोण हे वैरण घालताना लांबून ओळखू यायला हवं. देराल्दोनं चिंध्या शोधल्या. पेटीच्या तळाशी गेल्या वर्षीच्या जत्रेतली रंगीत फितींची गुंडाळी सापडली. लाल फीत गाभणीला, पिवळी दुभतीला, निळी भाकडीला. एकेक फीत गळ्यात, आणि पक्क्या तीन गाठी!

"अरे, या सांता लुझियाच्या नवसाच्या फिती आहेत!" एदनाल्वा दचकली. "आणि तीन गाठी? तीन गाठी नवसाला मारतात!"

"दोन गाठी या काट्यांत टिकतात होय? फीत ती फीत. शेळीला काय कळतंय?"

शेळीला नाही कळत. पण गावाला कळतं!

आमच्याकडं शेळ्या दिवसभर मोकळ्या असतात. रान सगळ्या गावाचं मिळून एकच, मधे कुंपण नाही. सकाळी सोडायच्या, काट्याकुट्यांतून, लोकांच्या अंगणांतून हिंडून त्या संध्याकाळी आपापल्या घरी येतात. अंगणात शिरलेल्या शेळीला खराटा दाखवायचा हे लहान पोरालाही शिकवावं लागत नाही. पण गळ्यात नवसाची फीत असली की ती शेळी सांता लुझियाची. तिला हाकलायचं नाही, उलट मूठभर काहीतरी घालायचं. आणि नवस कशाचा, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. विचारलं की नवस बाद.

एखाद्या घरची एक शेळी नवसाची असते. फार अडचण असली तर दोन. एका सकाळी गावानं डोळे चोळून पाहिलं तर एकेचाळीस! एका घरच्या! तीन रंगांत!

"केवढं संकट असेल गं त्या घरावर!" तोन्या शेजारीण म्हणाली, आणि खराटा ठेवून कोंबड्यांचा मका आणायला आत पळाली.

हे संकट नेमकं कोणतं, ते शोधून काढलं दोना झुल्मिरानं. दोना झुल्मिरा म्हणजे सांता लुझियाच्या देवळाची सर्वेसर्वा. वय पंच्याहत्तर, नजर घारीची. ती देवळाकडून येत होती आणि देराल्दो झाडाखाली बसून मापपट्टी स्वतःच्या छातीभोवती गुंडाळत होता. पट्टी बरोबर वजन सांगते का, याची त्याला खात्री करायची होती. पट्टीच्या हिशेबानं तो एक दणकट बोकड निघाला होता.

"कशाचं माप घेतोस रे पोरा?" दोना झुल्मिरानं विचारलं.

"माझंच घेतोय मावशी. माप घेऊन ठेवलेलं बरं. ऐन वेळी धावाधाव नको."

म्हातारीनं मनाशी हिशेब मांडला. जिवंत माणूस स्वतःचं माप घेतो ते कशासाठी? शवपेटीसाठी! आणि हा मध्येच तीन दिवस शहरात गेला होता, कामाचं नाव सांगून!

"शहरात... काय म्हणाले रे?"

देराल्दो चपापला. हिला शिबिराचं कळलं वाटतं! तो हळू आवाजात म्हणाला, "कुणाला सांगू नका मावशी. तिथल्या माणसानं तोंडावर सांगितलं, आता अंदाजावर राहू नकोस. एकेक दिवस मोज."

"सांता लुझिया! किती दिवस?"

"पन्नास. पाऊस येईपर्यंत निभलं म्हणजे मिळवलं."

"एदनाल्वाला माहितीय?"

"तिनंच तर पाठवलं! तिनं आधीच ठरवलंय, या खेपेला काही बरंवाईट झालं तर सगळं भावाच्या हवाली."

दोना झुल्मिराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिनं देराल्दोच्या डोक्यावरून हात फिरवला, दोनदा नाक ओढलं आणि निघून गेली. देराल्दोला भरून आलं. शेळ्यांबद्दल एवढा कळवळा असलेली बाई गावात दुसरी नाही, असं त्याला वाटलं.

कुणाला सांगू नका म्हटल्यामुळं बातमी दुपारपर्यंत चौदाच्या चौदा घरांत पोचली. एकेचाळीस शेळ्या! बिचाऱ्यानं सगळा कळप सांता लुझियाच्या पायावर घातलाय, चार दिवस जास्त मिळावेत म्हणून! मग काय विचारता! आपण घातलेल्या मुठीनं त्याचा एखादा दिवस वाढतो अशी गावाची खात्रीच झाली. कुणी मक्याचा भरडा, कुणी वाळलेल्या शेंगा, कुणी कसाव्याच्या कंदांच्या साली, कुणी काटे भाजून काढलेला निवडुंग. ऐन दुष्काळात स्वतःच्या शेळ्यांना अर्धपोटी ठेवून लोक फितीवाल्यांना भरवायला लागले. शेळ्यांनी दोनच दिवसांत गावाचं वेळापत्रक पाठ केलं. सकाळी तोन्याकडं मका, दुपारी थोरल्या बेलार्मिनोकडं शेंगा, उन्हं कलताना दोना झुल्मिराकडं भरडा!

आणि संध्याकाळी देराल्दोकडं कोष्टकाप्रमाणं दीड किलो.

"खात का नाहीत या?" देराल्दोनं डोकं खाजवलं. निम्मी वैरण गव्हाणीत तशीच. एक गाभण शेळी तर वैरणीकडं पाठ करून ढेकर दिल्यासारखा आवाज काढत होती.

शिबिरात सांगितलं होतं: उरलेलं रोज मोजा. दहावा हिस्सा उरला तर ठीक, जास्त उरलं तर दुसऱ्या दिवशी तेवढं कमी करा. देराल्दो शिस्तीचा माणूस. त्यानं कमी केलं. तरी उरलं. आणखी कमी केलं. आणखी उरलं! दीड किलोचा एक झाला, एकाचा अर्धा झाला, तिसऱ्या आठवड्यात माणशी... म्हणजे शेळीशी दोनशे ग्रॅम! आणि मापपट्टी म्हणत होती, शेळ्या वाढतायत. लाल फीतवाल्या तर अशा गरगरीत झाल्या की फाटकातून एका वेळी एकच कशीबशी मावायची.

"एदनाल्वा!" एका संध्याकाळी देराल्दो धापा टाकत घरात आला. "मला शोध लागलाय!"

"मला पण लागलाय," एदनाल्वा म्हणाली. "शेळ्यांच्या तोंडाला मक्याचा वास येतोय. आणि गावातल्या बायका मला भेटल्या की मिठी मारून रडतात. आज तोन्यानं मला आख्खी कोंबडी दिली आणि म्हणाली, धीर धर."

"दुष्काळ आहे. माणसं हळवी होतात. तू ऐक तर! शेळीला किलोभर लागतं हे सगळं जगच चुकीचं धरून बसलंय! दोनशे ग्रॅम पुरतात! फक्त वजन करून, वेळेवर, मन लावून घालायला हवं!"

"मन लावून," एदनाल्वानं फक्त तेवढंच म्हटलं आणि कोंबडी चुलीवर चढवली.

शोध लागलेला माणूस घरात किती वेळ बसणार? त्या रविवारी देवळापुढच्या झाडाखाली गाव जमलं तेव्हा देराल्दो उठून उभा राहिला. चांगलं खणखणीत भाषण त्यानं मनात तयार ठेवलं होतं. कुणी हसलं तर काय बोलायचं, अनीझियोनं टोमणा मारला तर तो कसा उलटवायचा, सगळं तयार!

"मंडळी, माझ्या शेळ्या दिवसाला दोनशे ग्रॅमवर जगतायत!"

कुणीच हसलं नाही. बेलार्मिनोनं डोमिनोचा डाव बाजूला सारला आणि टोपी काढली. दोना झुल्मिरा मृदू आवाजात म्हणाली, "हो रे बाबा. दोनशे ग्रॅम. बस जरा, दम लागेल तुला."

"दम कसला? मला तर उडावंसं वाटतंय!"

"असं वाटतं शेवटी शेवटी," बेलार्मिनो तोन्याच्या कानात म्हणाला. "माझ्या चुलत्यालाही वाटलं होतं."

अनीझियोसुद्धा मान खाली घालून गप्प! देराल्दोला वाटलं, मेव्हणा पुरता गारद झाला. विजयी माणसाचं मन मोठं होतं. तो म्हणाला, "अनीझियो, झालं गेलं विसरून जा. माझ्याकडं वैरण उगीच पडून आहे. अर्धी गंजी तू घेऊन जा. मला आता लागायची नाही."

अनीझियोचा चेहरा पडला. त्यानं देराल्दोला कडकडून मिठी मारली. "दाजी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "एवढ्यात वाटावाटी कशाला करताय?"

"असू दे रे! आपल्या हातानं दिलेलं बरं असतं!"

हे ऐकून चार बायका पदर तोंडाला लावून उठून गेल्या. देराल्दोला आपल्या बोलण्यात एवढी ताकद आहे हे त्या दिवशी प्रथमच कळलं.

डिसेंबर लागला. ढग यायचे, घुटमळायचे आणि पुढच्या गावाला निघून जायचे. तेराला सांता लुझियाची जत्रा, आणि त्याआधी नऊ दिवस प्रार्थना आणि लिलाव. लिलावात नवसाची जनावरं पुकारायची आणि त्यातून देवळाचं काम करायचं, ही रीत. यंदा देवळाचं छप्पर एका बाजूनं आत वाकलं होतं.

त्या नऊ दिवसांतला पहिला दिवस उजाडला आणि सकाळी सकाळी देराल्दोच्या दारात ढोल आणि बासऱ्या वाजल्या. त्यानं खिडकीतून पाहिलं. पुढं दोना झुल्मिरा, मागं बेलार्मिनो, तोन्या, अनीझियो, आणि मागं अख्खं गाव!

"आले!" देराल्दोनं जत्रेचा सदरा अंगात घातला. "सत्काराला आले! एदनाल्वा, कॉफी टाक! सगळ्यांना!"

"ढोल इतका हळू का वाजतोय?" एदनाल्वानं विचारलं. पण तोवर तो अंगणात पोचला होता.

"मंडळी," देराल्दोनं हात पसरले, "खरं तर मी एवढं काही मोठं केलेलं नाही..."

"पोरा," दोना झुल्मिरा म्हणाली, "तू केलंस तेवढं या गावात कुणी केलं नाही. सांता लुझियानं तुझं ऐकलं. बघ, दिवस भरत आले तरी उभा आहेस! आता नवस फेड. शेळ्या न्यायला आलोय."

"शेळ्या? कशाला?"

"लिलावाला. छपराचं काम होईल."

देराल्दोला वाटलं, देवळाला एखादी शेळी हवीय. "न्या की! कुठली हवी?"

"सगळ्या. एकेचाळीस."

ढोल थांबला. देराल्दोच्या कपाळावर घाम फुटला. तो भिंतीला टेकला, तसे अनीझियो आणि बेलार्मिनो दोन्ही बाजूंनी धावले आणि त्यांनी त्याला बगलेत धरलं. "सांभाळा! सांभाळा! जातोय!"

"कोण जातोय?" कॉफीचं भांडं घेऊन एदनाल्वा दारात आली.

"अगं बाई, तुझा नवरा!" तोन्यानं हंबरडा फोडला.

"कुठं जातोय?"

"वर!"

एदनाल्वानं नवऱ्याकडं नीट पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. "याला काय धाड भरलीय? काल रात्री तीन ताटं जेवलाय!"

मग जे झालं ते विचारू नका. चौदा घरं एकदम बोलत होती आणि मधून शेळ्या ओरडत होत्या. शहर, शिबिर, मापपट्टी, पन्नास दिवस, फिती... एकेक गोष्ट उलगडत गेली, तसतसा देराल्दो बुटका होत गेला.

"म्हणजे तू शहरात शेळ्यांचं शिकायला गेला होतास?" दोना झुल्मिरानं विचारलं.

"हो."

"आणि तू मरत नाहीयेस?"

"नाही मावशी."

"अजिबात?"

"अजिबात नाही. माफ करा."

"माझ्या कोंबड्यांच्या तोंडचा मका!" तोन्या कडाडली. "एक महिना! आणि वर एक कोंबडी!"

"आणि मी रोज दोन माळा जपत होते तुझ्यासाठी," दोना झुल्मिरा म्हणाली. "या गुडघ्यांवर!"

देराल्दोला आधी शरम वाटली ती शोधाची. दोनशे ग्रॅम! काय तोंड घेऊन तो झाडाखाली उभा राहिला होता! मग हळूहळू दुसरंच काहीतरी आत शिरलं. ही माणसं महिनाभर, आपल्या शेळ्यांच्या तोंडचा घास काढून, त्याच्या शेळ्यांना भरवत होती. तो जगावा म्हणून! "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला, "की मी तुम्हाला इतका हवाय."

"आम्हालाही नव्हतं," बेलार्मिनो म्हणाला. आणि प्रथम तो, मग तोन्या, मग सगळंच गाव हसायला लागलं. दोना झुल्मिरा तेवढी हसली नाही, पण तिनं देराल्दोच्या हातावर एक चापट मारली, ती काही फार जोरात नव्हती.

"ते राहू दे," ती म्हणाली. "सांताच्या नावानं घातलेलं खाणं शेळ्यांनी खाल्लंय. त्याचं काय? कुणी किती घातलं तेवढं तरी कळू दे."

हिशेब म्हटल्यावर देराल्दोला राहवेना. त्यानं काठी घेतली आणि अंगणातल्या मातीत मांडायला बसला. तोन्या म्हणाली, दोन मापटी मका. बेलार्मिनो म्हणाला, शेंगांची टोपली. कुणी निवडुंग म्हणालं की देराल्दो त्याला दहानं भागायचा, मग "माझा भारी निवडुंग दहानं का भागलास?" म्हणून पाच मिनिटं भांडण. चौदातली तेरा घरं झाली, चौतीस किलो भरले. त्यात देराल्दोचे स्वतःचे आठ, वरचे दोनशे ग्रॅम सोडून द्या. बेचाळीस.

"जमत नाही," देराल्दो म्हणाला.

"काय जमत नाही?"

"बेचाळीस किलोवर एकोणीस गाभण शेळ्या अशा गोल होत नाहीत. साडेअकरा किलो कुठून तरी आणखी येतंय. रोज!"

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मग एकेकाची नजर चौदाव्या घराकडं वळली. अनीझियो आपल्या टोपीची कड फार लक्ष देऊन तपासत होता.

"अनीझियो," एदनाल्वा म्हणाली.

"काय ताई?"

"तू सांताला मानत नाहीस."

"नाहीच मानत!"

"मग?"

अनीझियोनं टोपी हातात फिरवली. "मला वाटलं, दाजी गेल्यावर कळप माझ्याकडंच यायचा. मग हडकुळा कशाला येऊ द्यायचा?" एदनाल्वानं कॉफीची पळी उचलली, तसा तो घाईनं पुढं म्हणाला, "रडलो पण होतो गं! गंजीच्या आड! विचार कुणालाही!"

"आणि घातलंस काय रोज साडेअकरा किलो? तुझ्याकडं तर सप्टेंबरातच वैरण संपली होती," एदनाल्वा म्हणाली.

"दाजींनी गंजी दिली ना, तीच."

म्हणजे देराल्दोचीच वैरण, देराल्दोच्याच शेळ्यांना, देराल्दोच्याच मेव्हण्याच्या हातून! बेलार्मिनोला हसता हसता ठसका लागला आणि ढोलावर बसवावं लागलं.

"तरी एक सांगतो," हसणं ओसरल्यावर अनीझियो चिकटपणानं म्हणाला. "दाजींनी काही शेळ्या राखल्या नाहीत. तेव्हा ठरल्याप्रमाणं कळप माझ्याकडं यायला हवा."

देराल्दोनं बायकोकडं पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही. तिच्या आईच्या शेळ्या, लाल फिती लावून, पोटं सांभाळत कुंपणाशी उभ्या होत्या, आणि आज ना उद्या व्यायच्या होत्या.

एदनाल्वानं कॉफीचं भांडं खाली ठेवलं. "अट काय होती? एक शेळी आडवी झाली तर. झाली का एक तरी?"

"नाही, पण..."

"मग पण कशाचा? दोन वर्षांमागं याच दिवसांत मी रोज एक पुरत होते. यंदा एकेचाळीस सोडल्या आणि एकेचाळीस मोजते आहे." तिनं कुंपणाकडं बोट केलं. "कळप कुठं जायचा नाही. पण राखला तो गावानं, सांता लुझियाच्या नावानं. तेव्हा राखणाऱ्याची चौथाई सांताची. चार करडांतलं एक देवळाचं. आणि अनीझियो, उरलेली गंजी आजच परत आण."

दोना झुल्मिरानं बोटांवर मोजलं. एकोणीस गाभण, काहींना जुळी. "छपराची एक बाजू होईल," ती म्हणाली. "दुसरी पुढच्या वर्षी बघू. आणि फिती कापू नका. आपोआप गळू देत. दारात आल्या तर मूठभर घालीन मी."

"मी पण," तोन्या म्हणाली. "पण मका नाही! मका संपला म्हणजे संपला!"

ढोल पुन्हा वाजायला लागला, या वेळी चांगला जोरात. कॉफी फिरली. आणि मातीतल्या आकड्यांकडं बघत बसलेला देराल्दो एकदम ताडकन उठला!

"चौतीस आणि आठ बेचाळीस! बेचाळीस आणि साडेअकरा... साडेत्रेपन्न! एदनाल्वा, साडेत्रेपन्न! बरोबर साडेत्रेपन्न!" त्यानं छापील कोष्टक खिशातून काढून हवेत फडकवलं. "म्हणजे माझं कोष्टक अचूक होतं! किलोचाही फरक नाही! पाहिलंत?"

"पाहिलं," एदनाल्वा म्हणाली. "सगळ्या गावानं पाळलं तुझं कोष्टक. न वाचता, न शिकता, महिनाभर! पाळलं नाही ते तू एकट्यानं!"

देराल्दोनं टोपी काढली, आत काही सापडतंय का ते पाहिलं, आणि परत डोक्यावर घातली.

"उद्यापासून पाळतो," तो म्हणाला.